खळ्यातली खुर्ची

माझी पहिली शाळा झोपाळ्यावर चालायची. मुलं जमिनीवर बसायची, मी खुर्चीवर बसायचे, पण झोपाळ्यावर खोत बसायचे आणि शाळा कधी सुटायची ते झोपाळ्याच्या कड्यांवर ठरायचं. कड्या कुरकुरायच्या थांबल्या म्हणजे खोत जेवायला उठले, आणि खोत उठले म्हणजे शाळेची मधली सुट्टी. घंटा नव्हतीच.

महाडहून पोलादपूरकडे जाणाऱ्या एसटीतून मध्येच उतरायचं आणि डोंगराच्या बाजूला बांधाबांधाने तासभर चालायचं, की ते गाव लागायचं. नाव सांगत नाही. तिथली माझी मुलं आता स्वतः आजोबा झाली आहेत आणि म्हातारपणी माणसं लवकर चिडतात, हे मी स्वतःवरून सांगते. सत्तर साल उलटून तीनचार वर्षं झाली होती. मी महाडात वाढलेली, वडील कचेरीत कारकून. डी.एड. झाले आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच नेमणुकीचा कागद आला. कागदावर शाळेच्या जागेपुढे लिहिलं होतं, ‘खाजगी, विनामूल्य’. विनामूल्य या शब्दावर तेव्हा माझा विश्वास होता.

खोती कायद्याने केव्हाच गेली होती. पण कायदा गेला म्हणून झोपाळा कुठे जातो? गावातली निम्मी भातशेती खोतांच्या नावावर, उरलेल्या निम्म्यावर त्यांचा शब्द. सगळे त्यांना बाबा म्हणायचे. साठीच्या घरातला उंच माणूस, पांढरंशुभ्र धोतर, आणि बोलणं असं हळू की ऐकणाऱ्याला पुढे वाकावंच लागायचं. पुढे वाकायला लावायचा तो सोपा उपाय आहे, मी पुढे वर्गात पुष्कळ वापरला.

पहिल्या दिवशी मी खळ्यात उभी राहिले. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. त्यावर मांडव, आणि चार पायऱ्या चढून वर ओटी. ओटीवर वीस मुलं बसलेली, खाली खळ्यात अकरा. ती अकरा बौद्धवाडीतली आहेत हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

“कुठच्या तुमी?” खोतांनी विचारलं.

“महाडची.”

“महाडात कुठं?”

मी आळी सांगितली.

“आडनाव?”

मी आडनाव सांगितलं. झोपाळा थांबला.

खोत वाईट बोलले नाहीत. ते कधीच वाईट बोलायचे नाहीत. त्यांनी आतून एक खुर्ची मागवली, हातांची, चांगली शिसवी. गड्याने ती ओटीवर आणली, तशी खोतांनी बोटाने दाखवलं, खाली. गड्याने ती खळ्यात मांडली.

“वर फार कोंदट होतंय, बाई. तुमी तिथं बसा. हवा चांगली लागल.”

मला राग आला की माझ्या कानाच्या पाळ्या तापतात. त्या दिवशी त्यांवर पापड भाजून निघाले असते. पण नोकरी नवी, घरी धाकटी दोन भावंडं, आणि वडिलांनी निघताना बजावलेलं की पहिल्या महिन्यात तोंड उघडायचं ते शिकवण्यापुरतं. मी बसले. हवा खरंच चांगली लागत होती, हेही कबूल केलं पाहिजे.

बसले आणि समोर पाहिलं, तेव्हा खोतांच्या लक्षात न आलेली एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाई खळ्यात, तर फळाही खळ्यात. बाई आणि फळा खळ्यात, तर पहिली रांग कुणाची? माझ्या पायाशी वाडीतली अकरा मुलं होती, हात लांब केला तर पाटीवरचं अक्षर सुधारता यावं इतकी जवळ. आणि गावातली मोठ्या घरांची वीस मुलं लांब, उंच, खांबांच्या आड. मान दिला वर बसायचा, आणि शिक्षण ठेवलं खाली. मी मनातल्या मनात खोतांचे आभार मानले आणि तोंड शिकवण्यापुरतं उघडलं.

त्या शाळेची मजा आज सांगितली तर नव्या शिक्षकांना खोटी वाटते. फळा टेकवायला भिंत नव्हती. वृंदावनाला टेकवायची सोय नव्हती, कारण तुळस काकींची, म्हणजे खोतांच्या पत्नीची, आणि त्या सोवळ्याच्या कडक. मग खळ्याच्या कडेला पेंढ्याचे भारे रचलेले असत, त्यांवर फळा ठेवला. गुरं रोज पेंढा खात, तसा फळा रोज उतरे. दिवाळीनंतर मी उभी राहून लिहायचे, संक्रांतीला खुर्चीत बसून, आणि मार्चमध्ये उकिडवी बसून. मुलांना ऋतू त्यावरून कळायचे.

वरून खोत शाळेवर लक्ष ठेवून असत. वाचनात त्यांना रस नव्हता, पण पाढे म्हटले की झोपाळा मंद व्हायचा. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी सगळं पाठ. एकदा त्यांनी वरून विचारलं, “बाई, औटकी घेत नाय का?” औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. मला तो येत नव्हता. सगळ्या वर्गासमोर येत नव्हता. खोतांनी झोपाळ्यावर बसूनच म्हणून दाखवला, एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा, दहापर्यंत, एकदाही न अडखळता. मी रविवारी महाडला गेले आणि भावंडांना झोपू न देता तो घोकला. सोमवारी पोरांकडून म्हणून घेतला. वरून आवाज आला, “हां.” मला त्या हुंकाराचा आनंद झाला आणि आनंद झाल्याचा रागही आला.

मी राहायचे वाडीत, एका गवंड्याच्या घरी. त्याच्या पडवीत माझी पत्र्याची पेटी आणि स्टोव्ह. त्याची मुलगी माझ्याकडे तिसरीत होती. काळी, काटकुळी, आणि वाचायची अशी की कागद समोर आला की सुटकाच नाही. पुड्यांचे कागद, एसटीची तिकिटं, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, सगळं मोठ्याने. गवंडी म्हणायचा, “बाई, हिला तुमी वाचायला शिकवलंत, आता गप बसायला शिकवा.”

फेब्रुवारीत तपासणीला साहेब आले. खोतांनी त्यांना झोपाळ्यावर बसवलं, सरबत दिलं. साहेबांनी सरबत प्यायलं, मुलांकडे पाहिलं आणि त्यांना दिसल्या एकतीस पाठी. सगळी मुलं माझ्याकडे तोंड करून, म्हणजे झोपाळ्याकडे पाठ करून. साहेब जरा वेळ पाठींना प्रश्न विचारत राहिले, मग कंटाळून खाली खळ्यात आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. झोपाळ्यावर खोत एकटे उरले.

साहेबांनी पिशवीतलं वर्तमानपत्र गवंड्याच्या मुलीच्या हातात दिलं. तिने बाजारभाव वाचले, हवामान वाचलं, एका धोतराची जाहिरात वाचली आणि साहेब हात पुढे करून उभे राहिले तरी दुसऱ्या बातमीला लागली. मग साहेबांनी ओटीवरच्या एका गुटगुटीत मुलाला उठवलं. तो खोतांचा नातू, हे त्यांना माहीत नव्हतं. “फळ्यावर काय लिहिलंय, बाळ?”

नातवाने डोळे बारीक केले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मग अगदी खरं ते सांगितलं. “लांबनं दिसत नाय, साहेब. मी मागं बसतो ना.”

साहेबांनी शेरा लिहिला, ‘सदर विद्यार्थ्यास पुढे बसवावे.’ मी तो शेरा वाचला तेव्हा हसू दाबायला मला फळा पुसावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची ओटीवर होती. चांगली मधोमध, खाली सतरंजी. खोत म्हणाले, “बाई, वर बसा. खाली ऊन लागतंय.”

मी पायरीपाशी उभी राहिले. खरं सांगते, मोह झाला. त्या ओटीवर आमच्यातलं कुणी खुर्ची टाकून बसलं नव्हतं. माझ्या वडिलांना कळतं तर त्यांनी पेढे वाटले असते. पण मी वर गेले असते तर फळा वर, आणि माझी अकरा मुलं पुन्हा पायऱ्यांच्या खाली, पाठींच्या मागे. मी पायरी न चढता म्हटलं, “नको बाबा. खालीच बरं. हवा चांगली लागते.”

 खोतांना त्यांचंच वाक्य परत मिळालं होतं, आणि ते नाकारायचं कसं हे कळत नव्हतं. त्यांनी झोपाळ्याला एक झोका दिला आणि गड्याला म्हणाले, “ठेव खाली.”

चार दिवसांनी नातू स्वतःचा पाट घेऊन खळ्यात उतरला. आठवड्याभरात त्याच्या मागे दुसरा, तिसरा. मार्च संपेपर्यंत ओटी रिकामी झाली आणि एकतीस मुलं खळ्यात एकमेकांच्या कोपराला कोपर लावून बसली. मला वाटलं, जिंकले. तेवीस वर्षांच्या माणसाला फार लवकर असं वाटतं.

जून आला. महाड-पोलादपूरकडचा पाऊस ज्याने पाहिला त्याला पुढचं सांगायला नको. मांडव उतरला, खळ्यात घोटाभर पाणी झालं. वीस मुलं ओटीवर चढली. मलाही वर घेतलं, ओटीच्या अगदी कडेला, पागोळ्यांपासून वीतभर आत. सरकारी माणूस भिजून आजारी पडला तर पंचाईत. अकरा मुलं घरी राहिली. पूर्वीपासून तशीच राहायची, असं मला सगळ्यांनी सांगितलं. पावसाळाभर वाडीतली पोरं येत नाहीत, गुरं राखतात, दिवाळीनंतर येतात.

“बाबा, ओटीवर आणखी अकरा जणं बसतील,” मी म्हटलं.

“जागा कुठं हाय, बाई?”

जागा होती. मी ओटी हातांनी मोजली होती. पन्नास मुलं बसली असती आणि वर एक म्हैस.

मग मी दोन शाळा चालवल्या. दिवसा ओटीवर, आणि दिवेलागणीच्या आधी गवंड्याच्या पडवीत. अंगावर ओली साडी, घसा बसलेला. एवढं करूनही दिवाळीनंतर हजेरी घेतली तेव्हा अकराची सात झाली होती. चार मुलं गुरांमागे गेली ती गेलीच, पडवीतही फिरकली नाहीत. चार महिने पाटी हातात नसली की मूल अक्षर विसरतं, आणि विसरलं की लाजतं, आणि लाजलं की येत नाही. त्यातला एक मला बांधावर भेटला. मी हाक मारली तर म्हशीच्या पलीकडे लपला. त्या दिवशी मी घरी येऊन रडले. आणखी एक पावसाळा असाच गेला तर सातची तीन होतील आणि त्या तिनांत गवंड्याची मुलगी असेलच असं नाही. मी ठरवलं, पुढच्या जूनच्या आत या मुलांच्या डोक्यावर छप्पर.

जिल्हा परिषद एक खोली बांधायला तयार होती, गावाने जागा दिली तर. गाव म्हणजे खोत. खोत म्हणाले, “शाळा हितं चांगली चाललीय. कशाला हलवायची?” त्यांचंही चूक नव्हतं. शाळा होती म्हणून साहेब ओटीवर येत, तलाठी येई, निवडणुकीची पेटी येई. शाळा गेली तर झोपाळ्यावर बसून बघायचं कुणाकडे? मी तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उतरा म्हणून उपयोग नसतो.

मार्ग निघाला तो स्वयंपाकघरातून. काकी माझ्याशी फार बोलत नसत. मला पाणी द्यायच्या ते वरून ओंजळीत. पण फेब्रुवारी-मार्च आला, पापड-कुरडयांचे दिवस आले, आणि एका दुपारी त्या दारात उभ्या राहून नवऱ्याला म्हणाल्या, “अवो, माझ्या लग्नाला चाळीस वर्सं झाली. त्यातली पंधरा वर्सं ही शाळा माझ्या ओटीवर हाय. ओटीवर मला एक पापड वाळवता येत नाय. सुनंला बाळंतपणात खिडकीत बसून हवा खायची तर समोर बे एके बे. माझी ओटी मला परत द्या.”

 गावात ज्यांच्यापुढे कुणी बोलत नसे, ते खोत काकींपुढे बोलत नसत, हे मला त्या दिवशी कळलं. दोन दिवसांनी त्यांनी जागा दिली.

जागा कुठची, तर वाडीच्याही पलीकडे, ओढा ओलांडून, खडपावर. खडप म्हणजे काळा उघडा कातळ. भात नाही, नाचणी नाही, गवतसुद्धा लाजत उगवायचं. गावापासून सगळ्यात लांब. खोतांचा हिशेब मला समजला होता. गावातली पोरं वाडी ओलांडून तिकडे जायची नाहीत, शाळा ओस पडेल, आणि पावसाळ्याआधी बाई परत येऊन खळ्यात उभ्या राहतील. कागदावर सही करताना ते म्हणाले, “हवा फार चांगली हाय तिकडं.” पठ्ठ्याने परतफेड केली. मला हसू आलं, आणि क्षणभर त्यांनाही.

गवंड्याने खडपावर पहार आपटून पाहिली, ती टण्णकन उडाली. तो खूश झाला. “बाई, पाया आयताच भेटला. हजार वर्सं हालायचा नाय.” भिंती वाडीने उभ्या केल्या. दगड तिथलेच, हात घरचे. पुरुष सकाळी दुसऱ्यांच्या शेतावर आणि दुपारनंतर शाळेवर. मे महिन्याच्या मध्यावर भिंती उभ्या होत्या, आणि कौलं महाडहून ट्रकने येऊन डांबरी रस्त्यावर पडली होती. तिथून तासभराची वाट, बैलगाडी जाईना. कौलं डोक्यावरून आणायची, आणि वाडीत माणसं मोजून तीस. ढग डोंगरावर टेकायला लागले होते. मी रोज आकाश बघायचे आणि गवंड्याशी भांडायचे, जणू ढग त्यानेच आणले होते.

तिसऱ्या दिवशी मी चार कौलं डोक्यावर घेऊन वाट चढत होते, तर मागून आवाज आला, “पोरी, मान सरळ ठेव गो, नायतर दुखल.” मागे काकी होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दोन कौलं, आणि त्यांच्या मागे दोन्ही सुना. मी बघतच राहिले. काकी म्हणाल्या, “बघतेस काय? माझी ओटी मोकळी होतेय. लवकर होऊ दे.”

खोतांच्या घरच्या बायका कौलं वाहताहेत ही बातमी वाटेने माझ्यापुढे पळाली. संध्याकाळपर्यंत गावातल्या बायका आल्या, दुसऱ्या दिवशी त्यांच्या लाजेने त्यांचे नवरे आले. चार दिवसांत कौलं वर गेली. खोत आले नाहीत. त्यांनी मनाईही केली नाही. कसली करतील?

शाळा हलवायच्या दिवशी मी ओटीवरून फळा, नकाशा आणि हजेरीपुस्तक घेतलं आणि खोतांना म्हटलं, “खुर्ची तुमची. ठेवते वर.”

“राहू दे,” ते म्हणाले. “घेऊन जा तिकडंच.”

मला का ते कळलं. दीड वर्ष मी तिच्यावर बसले होते. आता ती त्यांच्या घरात परत जायची नव्हती. कानाच्या पाळ्या तापल्या, पण मी खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि चालू लागले. शिसवी लाकूड फार जड असतं.

पहिला पाऊस कौलांवर वाजला तेव्हा आत अकरा मुलं होती. सात जुनी, दोन नवी, आणि म्हशीमागे लपणारा तो एक, आपल्या भावासकट. गळत एका जागी होतं, तिथे आम्ही बादली ठेवली. आठवड्याने ओढ्यापलीकडून काकींचा आवाज आला. नातवाला पाठीत धपाटा घालत त्या घेऊन येत होत्या. “घरात बसून माझं डोकं खातोय. घ्या याला.” तो आला, मग बाकीची आली. मी सगळ्यांना उंचीने बसवलं. बुटकी पुढे, उंच मागे. दुसरा कुठलाही क्रम मी पुढे तीस वर्षं लावला नाही.

ही गोष्ट इथे संपली असती. पण तीनचार वर्षांनी लाल-पांढऱ्या काठ्या घेऊन मोजणीची माणसं आली. महाडजवळ कारखान्यांची वसाहत उभी राहात होती, आणि आमच्या खोऱ्यातल्या गावांना जोडणारा रस्ता काढायचा होता. इंजिनिअरने नकाशा खोतांपुढे पसरला. सरळ रेघ त्यांच्या भातशेतीतून, घरासमोरून जात होती. खोतांनी नकाशावर हात ठेवला. “माझ्या भाताला हात लावायचा नाय. तो खडप पडलाय तिकडं. त्यावरनं न्या.”

इंजिनिअरला काय, खडपावर भरावसुद्धा कमी लागत होता. रस्ता खडपावरून, शाळेच्या दारातून गेला. वर्षभरात एसटी सुरू झाली. कंडक्टरला गावाचं नाव लांब पडायचं, तो ओरडायचा, “शाळा! शाळा उतरा!” थांब्याचं नाव तेच पडलं. गवंड्याने रस्त्याकडेला चहाची टपरी टाकली. तिच्या शेजारी पिठाची गिरण आली, मग सायकलवाला. वाडीतली आणि गावातली पोरं कारखान्यात लागली, एकाच बसने पहिल्या पाळीला जायची आणि एकाच टपरीवर विस्कटलेल्या केसांनी चहा प्यायची. तलाठी टपरीवर बसून दाखले लिहायचा. साहेब बसमधून उतरायचे, शाळा बघायचे आणि परतीची बस पकडायचे. ओढ्यापलीकडे ओटीवर जायला कुणाला वेळ नसायचा. गावाने कूस बदलली होती, आणि जुनं तोंड आता पाठ झालं होतं. काकी मात्र ओटीभर पापड घालायच्या.

जुलैतला एक दिवस. वर्गात पाढे चालले होते. दाराबाहेर पागोळ्यांखाली कुणी उभं असलेलं दिसलं. खोत. महाडला डोळे दाखवायला निघाले होते, बस उशिरा होती, टपरीत पाळीवाल्यांची गर्दी. छत्री वाऱ्याने उलटी झालेली, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाचं. शाळेच्या उंबऱ्यापासून दोन हातांवर, उघड्यावर, ते उभे होते.

मी त्यांना पाहिलं, आणि त्यांनी पाहिलं की मी पाहिलं. आता खरं लिहायचं तर लिहिते. मी लगेच बोलावलं नाही. मी मुलांना बेचा पाढा पूर्ण म्हणू दिला, बे दाहे वीसपर्यंत. तेवढा वेळ ते भिजले. हे मी कुणाला आजवर सांगितलं नव्हतं, आणि मला त्याची पुरती लाजही वाटत नाही.

पाढा संपला. मग ते हळू आवाजात म्हणाले, आणि या वेळी पुढे वाकून म्हणाले, “बाई, आत बसू का जरा?”

आयुष्यात त्यांनी कुणाला असं विचारलं असेल, असं मला वाटत नाही. माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. मी उठले. वर्गात बसायला एकच वस्तू होती. मी ती पुढे केली, पदराने पुसली.

खोतांनी खुर्चीकडे पाहिलं. ओळखली. तिच्या हातांवरून एकदा बोट फिरवलं. वर्गातली चाळीस मुलं त्यांच्याकडे बघत होती, वाडीतली, गावातली, उंचीने बसलेली. पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता. मग ते वहाणा काढून बाहेर ठेवून आले आणि त्या खुर्चीत बसले. नीट, पाठ टेकून.

मी उभी होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, “औटकी घेता का अजून?”

“घ्या तुम्हीच,” मी म्हटलं.

त्यांनी सुरू केली आणि मुलं मागून म्हणू लागली. बस आली तेव्हा सहा औट एकवीस चाललं होतं. कंडक्टरने दोनदा घंटी मारली. खोतांनी खुर्चीतूनच हात वर केला, थांब म्हणून, आणि दहा औट पस्तीसपर्यंत गेले. मग उठले, वहाणा घातल्या. उंबऱ्यावर थांबून म्हणाले, “हितं हवा खरंच चांगली लागते, बाई.”

आणि बसमध्ये चढले. पुढची सीट रिकामी नव्हती, म्हणून मागे जाऊन बसले.